अंदाजपत्रक शिलकी, आराखडा थकीत

नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या झाल्या. बहुतेक ठिकाणी चारेक वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. आता नवे नगराध्यक्ष, नवे नगरसेवक आणि त्यांचं पहिलं अंदाजपत्रक. सत्काराचे हार अजून पुरते सुकले नाहीत, पण एक प्रश्न आत्ताच विचारायला हवा, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

नगरपरिषदेच्या सभा कव्हर करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. अंदाजपत्रकाच्या सभेची बातमी दरवर्षी तीच असते. करवाढ नाही, अंदाजपत्रक शिलकी, रस्ते-गटारी-दिवाबत्तीला भरीव तरतूद, विरोधकांचा गोंधळ, ठराव मंजूर. या सगळ्यात 'विकास आराखड्यातलं या वर्षी काय झालं?' हे कोणी उठून विचारल्याचं मला आठवत नाही. सत्ताधाऱ्यांनी नाही आणि विरोधकांनीही नाही.

विकास आराखडा म्हणजे डीपी. (आमच्या भागात डीपी म्हटलं की लोकांना लाईटीचा ट्रान्सफॉर्मर आठवतो, पोरांना व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो. तिसरा अर्थ बिल्डर आणि जमीनमालक सोडून कोणाला माहीत नसतो, खरी गोम तिथेच आहे.) महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो तयार होतो. वीस वर्षांचा विचार करून शहरात कुठे बाग, कुठे मैदान, कुठे भाजी मंडई, कुठे दवाखाना, कोणता रस्ता किती रुंद, हे नकाशावर ठरतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी रांगा लागतात. आरक्षण पडलेला प्रत्येक जण वकील घेऊन हजर. मंजुरी मिळाली की नकाशा भिंतीवर जातो आणि गाव तो विसरतं.

जमीनमालक मात्र विसरत नाही. त्याचं कारण आहे कलम १२७.

हे कलम प्रत्येक नगरसेवकाला पाठ पाहिजे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेनं आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप व्यपगत. म्हणजे संपलं. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते त्या जागेवरही बांधता येतं. ठराव केला, वर पत्र पाठवलं, असं सांगून भागत नाही. 'पाऊल' म्हणजे संपादनाच्या दिशेनं खरंखुरं पाऊल, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

यात मालकावर राग धरायचं कारण नाही. त्याची जमीन दहा वर्षं अडकवून ठेवायची, पैसे द्यायचे नाहीत, त्यालाही काही करू द्यायचं नाही, हा त्याच्यावर अन्यायच आहे. कायद्यानं त्याला वाट दिली. प्रश्न आपला आहे. दहा वर्षं म्हणजे सभागृहाच्या दोन मुदती. त्यातली चार वर्षं प्रशासकात गेली, तरी घड्याळ थांबत नाही. आणि पोरांचं मैदान गेल्याचं आपल्याला कळतं कधी, तर तिथे कॉम्प्लेक्सचा बोर्ड लागतो तेव्हा.

मुख्याधिकाऱ्यांना विचारलं की उत्तर येतं, 'पैसे कुठायत?' हे उत्तर खोटं नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला द्यायचा तर छोट्या नगरपरिषदेचं कंबरडं मोडेल. रोख पैशाऐवजी टीडीआर द्यायचा म्हटलं, तर पुण्या-ठाण्यात त्याला गिऱ्हाईक मिळतं, आमच्यासारख्या गावात तो घेणार कोण? २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, मालकानं जागेचा काही भाग विकसित करून नगरपरिषदेला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा, अशीही सोय आहे. पण त्यासाठी मालकाला बोलावून चर्चा करावी लागते आणि ती कोणीतरी सुरू करावी लागते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सगळी आरक्षणं वाचणार नाहीत, हे मान्य करू. मग कोणती वाचवायची ते दरवर्षी सभागृहात ठरवा. कोणती सोडायची तेही तिथेच, लोकांसमोर सांगा. आज होतं काय, की सोडण्याचा निर्णय कोणीच घेत नाही. फाईल पडून राहते, मुदत उलटते, जागा जाते, आणि जबाबदार कोण म्हटलं की नगररचना विभाग नगरपरिषदेकडे आणि नगरपरिषद शासनाकडे बोट दाखवते. काही फायली नुसत्या आळसानं पडून राहतात, असं मला वाटत नाही. असो.

न्यूझीलंडमध्ये प्रत्येक कौन्सिलला किमान दहा वर्षांचा आराखडा करावा लागतो आणि दर तीन वर्षांनी तो नव्यानं मांडावा लागतो. वर्ष संपलं की ठरवलं काय होतं आणि झालं काय, याचा लेखापरीक्षण झालेला अहवाल लोकांपुढे ठेवणं तिथे कायद्यानं बंधनकारक आहे. तिथली गावं श्रीमंत आहेत, कबूल. पण तक्ता करायला श्रीमंती लागत नाही.

एका पानाचा तक्ता बास आहे. आरक्षण क्रमांक, कशासाठी, क्षेत्र, ताब्यात आहे का, विकसित झालं का, दहा वर्षं कधी पूर्ण होतात, मालकाची नोटीस आली का, आली असेल तर कोणत्या तारखेला, आणि यंदा त्यावर तरतूद किती. नगररचनेचा लिपिक हे दोन दिवसांत करून देईल. अंदाजपत्रकासोबत तो प्रत्येक नगरसेवकाच्या हातात पडावा आणि नगरपरिषदेच्या फलकावरही लागावा. माहिती अधिकाराच्या कलम ४ नं अशी माहिती न मागता द्यायचीच आहे.

मग सभागृहात भांडा की खुशाल. पेव्हर ब्लॉकवर पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवायचे की त्या पैशात मंडईच्या जागेचा पहिला हप्ता भरायचा, यावर भांडण झालं तर आम्ही पहिल्या पानावर छापू.

आपापल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला या आठवड्यात एवढंच विचारा: आपल्या वॉर्डात आरक्षणं किती, आणि त्यातल्या कितींवर कलम १२७ ची नोटीस आलीय? उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही आलं, तरी लिहा.