पाळतीच्या हुकुमाची शहानिशा कोणी करायची?

समाजवादी पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस अमरसिंह यांची दूरध्वनीवरील संभाषणे २००५ मध्ये चोरून ऐकली गेली. रिलायन्स इन्फोकॉम या कंपनीने ही जोडणी करून दिली, ती दिल्ली पोलीस आणि दिल्ली सरकारचे गृहखाते यांच्या नावाने आलेल्या पत्रांवरून. ती पत्रे बनावट निघाली. याचिकाकर्त्याने वस्तुस्थिती प्रांजळपणे मांडली नाही म्हणून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. पण कंपनीलाही सोडले नाही. पत्रात ढोबळ चुका असताना तिने त्याची खातरजमा का केली नाही, हा न्यायालयाचा प्रश्न होता. असे अनधिकृत प्रकार रोखण्यासाठी केंद्राने वैधानिक मार्गदर्शक तत्त्वे करावीत, अशी अपेक्षाही निकालात व्यक्त झाली. हा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

पाळतीचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला. त्याच्या गैरवापराला आवर घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये काही बंधने घातली. आदेश गृह सचिवांनीच द्यावा, तो दोन महिनेच चालावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि आदेशांची समितीमार्फत फेरतपासणी व्हावी, ही त्यातील प्रमुख बंधने. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर दूरसंचार कायदा, २०२३ आला आणि पाळतीचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाले. चौकट मात्र जुनीच राहिली. आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारेही सचिवच. केंद्रीय समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात. न्यायाधीशाला या साखळीत कोठेही स्थान नाही.

ही तपासणी किती खोल होत असेल? न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा नोंदवला आहे. एकटे केंद्र सरकार दरमहा साडेसात ते नऊ हजार आदेश काढत होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश. इतके कागद वाचून निर्णय घेणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

अशा वेळी सरकारी यंत्रणेबाहेर या आदेशाची माहिती असणारी एकच संस्था उरते, ती म्हणजे दूरध्वनी कंपनी. पण तिचे तोंड गोपनीयतेच्या अटींनी बांधलेले आहे. परवाना सरकारच्या हाती असल्याने प्रश्न विचारण्याचे धाडस तिला परवडत नाही. व्होडाफोनने २०१४ मध्ये विविध देशांतील अशा मागण्यांचा अहवाल काढला, तेव्हा भारतातील आकडे कायद्यामुळे देता येत नसल्याचे सांगावे लागले. केंद्रीकृत संनियंत्रण प्रणालीचा तर हेतूच कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा हस्तक्षेप टाळण्याचा आहे. त्यामुळे माहिती फुटण्याचा धोका घटतो हे खरे. पण बनावट वा बेकायदा आदेश जेथे अडू शकला असता, तो उंबरठाही नाहीसा होतो.

दहशतवादाशी लढणाऱ्या देशाला पाळतीची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. मात्र गरज आणि सोय यांतील रेषा न्यायालयांना वारंवार आखून द्यावी लागते. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेली संभाषणे नष्ट करायला लावली. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सर्वसाधारण गुन्ह्याच्या छुप्या तपासासाठी हे हत्यार वापरता येणार नाही, असे बजावले. परंतु आपल्यावर पाळत होती हे ज्याला कळते, तोच न्यायालयाची पायरी चढू शकतो. बाकीच्यांना ते कधीच कळत नाही.

म्हणून किमान तीन गोष्टी कायद्यात याव्यात. आदेशाला न्यायिक मंजुरी हवी. निकडीच्या प्रसंगी ती ठरावीक दिवसांत नंतर घ्यावी. प्रत्येक आदेशाची सत्यता पडताळण्याचे आणि सदोष आदेश परत पाठवण्याचे बंधन कंपनीवर असावे, तसे करणाऱ्या कंपनीला संरक्षण मिळावे आणि दरवर्षी आदेशांची संख्या, नावांशिवाय, संसदेपुढे यावी. तिसरे म्हणजे, तपासाला धोका उरला नाही की संबंधित नागरिकाला कळवावे. जर्मनीच्या फौजदारी प्रक्रियेत अशी तरतूद आहेच.

यातील एकाही उपायाने गुन्हेगाराला आधी सावध केले जात नाही. उत्तर द्यावे लागते ते आदेश काढणाऱ्याला आणि तो निमूटपणे अमलात आणणाऱ्याला.