नळी बदला, अंतर नको

परवा पुण्याहून मावशीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर हळूच म्हणाली, "काय रे, तू तिकडे बंदूक घेऊन डोंगरात जातोस म्हणे?" मावशी हे पान नेमाने वाचते, तेव्हा उत्तर इथेच देऊन टाकतो. हो मावशी, जातो. गेली आठ वर्षं दर ऑक्टोबरात कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागे फिरतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. मिळाला तर वर्षभराचं मांस, नाही मिळाला तर पायांना व्यायाम. बहुतेक वेळा व्यायामच होतो :)

ज्यांना शिकारच मान्य नाही त्यांच्याशी आज माझा वाद नाही. भारतात १९७२ च्या कायद्याने ती जवळजवळ बंद झाली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. आजचं भांडण माझ्या जातभाईंशी आहे, म्हणजे इथल्या शिकाऱ्यांशी. आणि थोडं स्वतःशीही.

हल्ली इथे एक खूळ फार बोकाळलंय. आजोबांची चांगली चालणारी रायफल घ्यायची, तिची नळी काढून टाकायची, जास्त पिळाची नवी नळी बसवायची आणि तिच्यातून लांबलचक, जड गोळ्या मारायच्या. कशासाठी? तर लांबून मारता यावं म्हणून.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने फिरायला हवी, नाहीतर हवेत कोलांट्या खाते. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ सालीच याचं साधं सूत्र मांडलं होतं. गोळीचा व्यास तोच ठेवून वजन वाढवायचं तर लांबी वाढणार, लांबी वाढली की पीळ जास्त हवा. आणि पीळ तर नळीतच कोरलेला. म्हणून नळीच बदलायची.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या आज्या सोनं मोजायच्या तो जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. माझी रायफल २७० विंचेस्टर. हे काडतूस १९२५ साली बाजारात आलं ते १३० ग्रेनच्या गोळीसह, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित कमी. नळीचा पीळ दहा इंचांत एक फेरा. शंभर वर्षं लोकांनी याच्यावर हरणं आणि एल्क घरी आणले. मग २०२१ साली ६.८ वेस्टर्न आलं. गोळीचा व्यास तोच, पण वजन १६५ ते १७५ ग्रेन आणि पीळ बराच जास्त. झालं! जुन्या २७० वाल्यांना एकाएकी आपली रायफल म्हातारी वाटायला लागली.

मलाही वाटली. खोटं कशाला बोलू? शेजारच्या काकांनी मला दिलेली ती रायफल मी एका दुकानात नेली, साडेआठशे डॉलर मोजले आणि आठ इंचांत एक फेरा अशा पिळाची नवी नळी बसवून घेतली. दुकानदार म्हणाला, "आता सातशे यार्डांपर्यंत काळजी नको." मी घरी येऊन बायकोला तेच वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "काळजी कोणाला नको, तुला की एल्कला?" मी हसलो.

उन्हाळाभर लोखंडी पत्र्यांवर सराव केला. सहाशे यार्डांवर दहापैकी नऊ गोळ्या ठण्ण वाजायच्या. ऑक्टोबरात समोरच्या उतारावर एक मादी दिसली, ६४० यार्डांवर. उभी होती. मी वारा पाहिला, दुर्बिणीची चकती फिरवली, श्वास सोडला आणि घोडा दाबला. त्याच क्षणी ती चालायला लागली. गोळी फुफ्फुसाऐवजी मागे पोटात लागली.

अंधार पडेपर्यंत बर्फावरचे रक्ताचे थेंब शोधत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा. दुपारी बर्फ पडायला लागलं आणि माग पुसला गेला. ती सापडली नाही. माझ्यापुरता मोसम मी तिथेच संपवला.

आता गणित करू. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात माझी जुनी १३० ग्रेनची गोळी तेवढ्या अंतरावर साधारण तीन फूट ढकलली गेली असती. नवी १६५ ग्रेनची सुमारे दोन फूट. म्हणजे नव्या नळीने मला एक फूट मिळवून दिला. पण गोळी तिथे पोचायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागला, आणि रमतगमत चालणारा एल्क तेवढ्या वेळात चार फूट सरकतो. साडेआठशे डॉलर मी त्या एका फुटासाठी दिले. उरलेले चार कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जड गोळी वाऱ्याची चूक कमी करते. जनावराचं पाऊल तिला थांबवता येत नाही.

यावर तज्ज्ञ मंडळी काय म्हणणार ते मला पाठ आहे, कारण मीही तेच म्हणायचो. "सराव वाढव." अहो, पत्रा चालत नाही! पत्र्यावर दहापैकी एक गोळी चुकली तर आवाज येत नाही, एवढंच. "जड गोळी लांबवरही जास्त जोरात लागते." लागते ना, पण पोटात जोरात लागून काय फायदा? शिवाय जड गोळी निघते तीच कमी वेगाने, खांद्याला धक्का जास्त देते, आणि २७० च्या काडतुसात ती इतकी खोल बसवावी लागते की दारूची जागा खाते. अडीचशे यार्डांवर या सगळ्यातून पदरात काय पडतं? जवळजवळ काही नाही.

"म्हणजे तुझा सुधारणेलाच विरोध?" मुळीच नाही. कधी कधी पीळच कमी असतो. १९५५ साली २४४ रेमिंग्टन आलं तेव्हा त्याचा पीळ बारा इंचांत एक फेरा होता. हरणासाठी लोकांना १०० ग्रेनची गोळी हवी होती, ती त्यात भरवशाने चालेना. लोक प्रतिस्पर्धी २४३ कडे वळले, आणि १९६३ साली कंपनीला नाव बदलून, पीळ वाढवून तेच काडतूस पुन्हा आणावं लागलं. तिथे लोकांचं बरोबर होतं. नळी झिजली असेल तर बदला. शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरायची असेल, जी त्याच वजनाला लांब असते, तरी बदला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. ही सगळी चांगली कारणं आहेत. आपले पाय आणि आपला संयम कमी पडतोय म्हणून नळी बदलणं, हे कारण नव्हे.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीतल्या न्यायाबद्दल बोलतो. जनावराला वास घ्यायची, ऐकायची, पळून जायची संधी हवी. सहाशे यार्डांवरून माझा वास त्या मादीला येणार कसा? ती तिथे असताना मी तिच्यासाठी नव्हतोच.

शेजारच्या काकांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जुन्या नळीने तुला जवळ जायला लावलं असतं."

नवी नळी अजून रायफलवर आहे. पैसे गेले ते गेले. पण आता अडीचशे यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. गेल्या वर्षी तीन दिवस रांगलो, एक कळप तीनशे यार्डांवर आला, तिथेच थबकला आणि निघून गेला. रिकाम्या हाताने घरी आलो. बायकोने पिठलं-भात केला होता.

तेव्हा मावशी, काळजी करू नकोस. आणि जातभाईंनो, तुम्ही माझ्यावर चिडला असाल तर जरूर चिडा. फक्त पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी दीडशे यार्ड पुढे चालून बघा. ते फुकट असतं.