दम लागणारच, असं म्हणू नका

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दादा गेल्यापासून लिहायला बसवत नव्हतं.

दादांना यकृताचा कॅन्सर होता, शेवटच्या टप्प्यातला. पोटात पाणी, पायांवर सूज. एका पहाटे अचानक धाप लागली. मी म्हणालो, "पोटात एवढं पाणी आहे, दम लागणारच. आता कशाला हलवता त्यांना?" सगळ्यांना पटलं. त्यांची सून मात्र म्हणाली, "नाना, रात्री तर छान बोलत होते. आणि डावा पाय बघा, उजव्यापेक्षा जास्त सुजलाय." तिच्या हट्टामुळे नामपूरहून नाशिकला नेलं. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी निघाली!

तिथे जे समजलं ते सांगतो. यकृत बिघडलं की रक्त लवकर गोठत नाही, मग गुठळी कशी होईल, असं वाटतं. पण रक्त गोठू न देणारी द्रव्यंही यकृतच बनवतं, तीही कमी पडतात. त्यात कॅन्सरने गुठळीचा धोका वाढतो. कधी तर कॅन्सरची गाठच यकृताच्या शिरेतून हृदयापर्यंत वाढते आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकतो. तो रक्त पातळ करणाऱ्या औषधाने विरघळत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी अशा रुग्णात बहुधा वाढलेलीच येते, तिच्यावरून निदान होत नाही. शिरेत डाय देऊन सीटी स्कॅन करावा लागतो, तोही किडनी कशी आहे ते बघून. औषधाचीही भीती असतेच, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो.

मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. माझं मत असं, की तपासणी करायची नाही हाही निर्णय असू शकतो. रुग्णाला नको असेल, तर नकोच. धाप कमी करायला मॉर्फिनचा छोटा डोस देतात, तो तरी मागावा. पण हे रुग्णाला आणि डॉक्टरांना विचारून ठरवावं. "आजारच तसा आहे" म्हणून गप्प बसणं, हा निर्णय नव्हे. मी तेच केलं होतं. धाप अचानक लागली, एकच पाय जास्त सुजला, तर निदान विचारा तरी!

दादांना इंजेक्शनं सोसली. पंधरा-सोळा दिवस मिळाले. आडवं होऊन झोपता आलं, नातवंडांशी बोलता आलं.

असो. सूनबाई, तुझंच बरोबर होतं. तोंडाने म्हणायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं.