चिमणी पाडली, आता तिच्या वरचं बघा

2023 च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं सोलापूर उंचीचं तज्ज्ञ झालं होतं. चिमणी किती मीटरची, धावपट्टीच्या आड कशी येते, टपरीवर सगळ्यांना पाठ. (मीपण ढीगभर बातम्या केल्या, नाकारत नाही.) पण विमानाला लागणारं आकाश चिमणीच्या टोकाला संपत नाही हो.

मागे एका बैठकीत मी आयनोस्फिअरच्या संशोधनाचा विषय काढला. एक पुढारी म्हणाले, "त्यानं नळाला रोज पाणी येणार का?" सभागृह हसलं. पाणी मलाही चार-पाच दिवसांनीच येतं. पण हा प्रश्न विचारून विषय मारायचा ही आपली जुनी खोड.

आयनोस्फिअर म्हणजे साधारण 60 ते 1000 किलोमीटर उंचीवरचा, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर. रेडिओ सिलोन आपल्या घरात पोचायचं ते याच थरावरून परतून. आज उपग्रहाचा जीपीएस संदेश यातून येताना रेंगाळतो आणि जागा कित्येक मीटरनं चुकते. त्यात आपलं आकाश जास्त खोडकर. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जातं. तिथला विद्युतभार दिवसा कारंज्यासारखा वर उसळतो आणि उत्तरेला गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात दाट होतो. महाराष्ट्र या उतारावर. सूर्य मावळला की थरात बुडबुडे उठतात, संदेश थरथरतो, कधी तुटतोच.

म्हणून विमानांसाठी 'गगन' यंत्रणा उभारताना अमेरिकेचं गणित जसंच्या तसं चाललं नाही. इस्रोला इथल्या आकाशाची मोजमापं घेऊन स्वतःचं मॉडेल बांधावं लागलं. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं विमान राजस्थानात किशनगढला गगनच्या आधारे उतरलं. धावपट्टीशेजारी महागडी यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांसाठीच ही सोय आहे. लहान विमानतळ म्हणजे कोण? आपणच की!

आता खरी बोच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेसोबतचा रडार 1999 पासून वरच्या हवेचे वारे मोजतोय. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढून बुडबुड्यांचा मागही तिथं काढलाय. 2004 पर्यंत आपली कॉलेजं त्याच विद्यापीठात होती. वेगळं विद्यापीठ मिळालं, आपण गुलाल उधळला. बरोबरच केलं. पण रडार तिकडं राहिला, आणि आपल्याला काय हवं हे कुणी विचारलंच नाही.

मी रडार मागत नाही. उपग्रह-संदेशाची थरथर नोंदवणारा एक रिसीव्हर विद्यापीठाच्या गच्चीवर बसवा, नोंदी भूचुंबकत्व संस्थेला द्या, फिजिक्सच्या पोरांना त्यावर प्रकल्प करू द्या. कमानी आणि उद्घाटनांना पैसा निघतो, तसा याला काढा.

पुढच्या अधिसभेत हा प्रश्न कोण मांडतंय? कमेंटमध्ये नाव टाका, बातमी मी करतो.