दुपटीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात जंगलाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो आणि तो करणाऱ्याला विचार करायला थांबावंही लागत नाही. वणीकडचा कोळसा हवा, चुनखडी हवी, रस्ते हवेत, जंगल तुटलं तर दुप्पट लावू, कायदे आहेतच, आणि इथला साग इंग्रजांनी केव्हाच कापून नेला, मग ‘जुनं जंगल’ म्हणून गळा काढायला उरलंय काय? वर ‘आमची दृष्टी शास्त्रीय, तुमची भावनिक’ अशी वाटणीही हे विद्वान स्वतःच करून टाकतात.

मग शास्त्रानंच बोलू. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की तेवढ्याच वनेतर जमिनीवर, किंवा काही प्रकरणांत दुप्पट अवनत वनजमिनीवर, झाडं लावायची असा नियम आहे. ‘दुप्पट’ येते ती इथून. म्हणजे हिशेब हेक्टरांचा, आणि हेक्टरला ढोली नसते. धनेशाला किंवा घुबडाला घरटं करता येईल एवढी ढोली खोडात पडायला कित्येक दशकं जावी लागतात. तोवर त्या पाखरांनी शासननिर्णयाची प्रत घेऊन फांदीवर बसायचं काय? धावड्याचा डिंक, चारोळी, मोहफूल, तेंदूपान हे सगळं एकाच उतारावर मिळतं ते तिथं मिश्र जंगल आहे म्हणून. एका वयाच्या सागाच्या रांगांत त्यातलं फारसं काही मिळत नाही. हा वाद नवा नाही. सत्तरच्या दशकातही मिश्र जंगल ‘कमी किमतीचं’ ठरवून सपाट करायचं आणि तिथं साग लावायचा, हीच शास्त्रीयता मिरवली जात होती. तेव्हाही मोहाची किंमत विचारणारे भाबडे ठरले होते. ‘पण वनक्षेत्राचे आकडे तर वाढताहेत’ हे पुढचं पालुपद. देशाच्या वनसर्वेक्षणात किमान 1 हेक्टर जागेवर 10 टक्के वृक्षछत्र दिसलं की ते वनाच्छादन. झाड कोणतं, जमीन कोणाची, हे विचारलं जात नाही. बागाही त्यात मोजल्या जातात. अशा आकड्याच्या जोरावर मोहाच्या झाडाचा निकाल लावायचा!

इंग्रजांच्या कुऱ्हाडीचं खरं आहे, पण अर्धंच. साग बुडखातून पुन्हा फुटतो. वरचं खोड कोवळं दिसलं तरी खालचं मूळ म्हातारं असतं. आणि मोह गावांनी राखला तो फुलांसाठी. ‘गावकरीच जंगल तोडतात’ म्हणणाऱ्यांनी हा मोह कोणी वाचवला तेही सांगावं. ‘जंगल राखलं तर वाघ गावात येतो’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसं मेली आणि 2 नोव्हेंबर 2018 रोजी अवनी वाघीण गोळीला बळी पडली. पण जंगलाचे तुकडे केल्यानं वाघ गावापासून लांब जात नाही, जवळ येतो. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तो शेतं, नाले आणि अभयारण्याबाहेरच्या जंगलांतून वाट काढत. टिपेश्वरच्या 148 चौरस किलोमीटरला कुंपण घालून बाकीचं खाणींना मोकळं सोडणं ही त्याची सोय नव्हे.

राहिले कायदे. ते आहेत, हे मान्य. 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क ठरवला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं तो 2009 मध्ये मिळवला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला तेव्हा बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पुढे 2022 च्या वनसंवर्धन नियमांत केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती घेण्याची अट उरली नाही; ती बाब राज्यावर सोडली गेली. ‘कायदे आहेतच’ म्हणणारे नेमके इथं गप्प बसतात. म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे: संमती मंजुरीच्या आधी, हे राज्यानं नियमात लिहून द्यावं, आणि केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजीतल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांनी सामूहिक दावे दाखल करताना आपल्या हद्दीतले जुने मोह, झरे, देवाच्या जागा यांची नोंद नकाशासह जोडावी. जे कागदावर नाही ते नव्हतंच, असं पुढच्या प्रस्तावात लिहिलं जातं.