साडेतीनशेचा डब्बा

माझ्याकडं गाणी वाजवायचा एक डब्बा आहे. लाल प्लॅस्टिकचा, साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढा. मनीष मार्केटच्या बाजूला फुटपाथवर घेतला, घासाघीस करून साडेतीनशेला. त्यात चिप जाते, पेनड्राइव्ह जातो, एफ.एम. लागतं. पाठीमागं बॅटरी असते ती जुन्या नोकिया फोनची, बी.एल. ५ सी. ज्या फोनवरनं आमच्या बापांनी मिस्ड कॉल मारले, त्याच फोनची. ती मेली की कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडं दुसरी मिळते आणि झाकण नखानं उघडून बसवता येते. तुमच्या वीस हजारांच्या फोनची बॅटरी नखानं काढून दाखवा.

ह्या डब्ब्याला हसणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक पांढरपेशी. ती म्हणते, अहो, फोनमध्ये सगळं असतं की, हे कशाला? दुसरी आपल्यातलीच, नुकती फ्लॅटमध्ये राहायला गेलेली. तिला डब्ब्याला झोपडपट्टीचा वास येतो. दुसऱ्या जातीशी मी बोलत नाही, तिचं नाक तिला लखलाभ. पहिलीला उत्तर देतो, कारण तिचा प्रश्न आपली पोरंही विचारायला लागलीत.

फोनमधलं गाणं तुमचं नाही. ते भाड्यानं आहे. भाडं म्हणजे काय ते शीव कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. महिना भरला की मालक दारात. फोनचा मालक तर अठ्ठाविसाव्या दिवशीच दारात, कारण कंपन्यांनी महिनाच अठ्ठावीस दिवसांचा केलाय. मी ठेकेदाराच्या हजेरीवर गोदीत काम करतो. बोट लागली तर हजेरी, नाही तर बस घरी. ज्या महिन्यात बोटी कमी, त्या महिन्यात रिचार्ज पण नाही, आणि रिचार्ज नाही म्हणजे फोनमधले सगळे गायक एकदम मुके. वर दोन गाण्यांमध्ये एक बाई येऊन सांगणार, पैसे भरा म्हणजे मी मध्ये बोलणार नाही. साला, हे तर चाळीच्या नळावरच्या दादासारखं झालं. आणि आज यादीत असलेलं गाणं उद्या नसतं. का नाही, ते विचारायला ऑफिस नाही, खिडकी नाही.

माझ्या चिपमधलं गाणं कोणी काढून नेऊ शकत नाही. आठ जी.बी.ची चिप, तिच्यात दीड हजारापर्यंत गाणी बसतात. ज्या पद्धतीनं गाणं दाबून बारीक करून एवढ्या नखात बसवतात, त्या एमपीथ्रीवर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचे हक्क होते. २०१७ मध्ये त्यांनी लायसन देणंच बंद केलं, पेटंटं संपली. म्हणजे ती पद्धतसुद्धा आता कोणाच्या बापाची नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा डब्ब्यावरनं मालकीच्या गोष्टी काय करतोस? करतो, कारण कोणाच्या कानावर काय पडावं हे ह्या देशात कायम दुसऱ्यानंच ठरवलं. एके काळी रेडिओ घरात ठेवायला सरकारचं लायसन लागायचं, पोस्टात फी भरायची. ते लफडं ऐंशीच्या दशकात संपलं. ज्याच्याकडं रेडिओ होता त्यालाही काय मिळायचं? १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. तिच्यात म्हणे आपल्या रागांची मींड येत नाही, वाद्यच परदेशी. ठीक आहे. पण जलशाचं वाद्य कोणतं होतं? पेटी. भीमराव कर्डकांच्या जलशात पेटी, कव्वालीच्या मुकाबल्यात पेटी. पंडितांच्या कानाला मींड कमी पडली आणि आमच्या अख्ख्या गाण्याला रेडिओचं दार लागलं. १९५२ मध्ये केसकर नावाचे मंत्री आले, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटली, ती रेडिओवरनं घालवली. लोक रेडिओ सिलोन लावायला लागले, तेव्हा १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. बघा, सिनेमाच्या गाण्याला पाच वर्षांत परत यायला जागा मिळाली. पेटीला एकतीस वर्षं लागली. आणि आमच्या गाण्याचं तर कोणी खातंच उघडलं नव्हतं.

रेकॉर्डचं तेच. तबकडी काढायची तर बराच काळ एच.एम.व्ही.च्या दारात उभं राहायचं. दार उघडलं ते कॅसेटनं. फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये कॅसेट काढली, पण आपल्या वस्तीत ती खरी आली ऐंशीच्या दशकात, जेव्हा टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केली. तेव्हा कुठं प्रल्हाद शिंदे घराघरात पोचले.

प्रल्हाद शिंद्यांचंच घ्या. १९३३ चा जन्म, २००४ मध्ये गेले. त्यांचा विठ्ठल आषाढीला सगळ्या महाराष्ट्रातल्या देवळांच्या कर्ण्यावर वाजतो. त्याच गळ्यानं बाबासाहेब पण गायले. एकच गळा, एकच पेटी, एकच ढोलकी. त्यातला विठ्ठल चालतो. भीम लावला की शेजारी खिडकी लावून घेतात आणि आवाजाचा कायदा काढतात. विठ्ठल उमपांची कोळीगीतं आमच्या कोळीवाड्यात हळदीला वाजतात, त्यांची भीमगीतं पलीकडच्या गल्लीत वाजतात, मध्ये एक गटार आहे. माझ्या चिपमध्ये गटार नाही. कोळीगीत संपलं की भीमगीत लागतं, मग एखादी कव्वाली, मग किशोरकुमार. कोणाशेजारी कोणाला बसवायचं ते मी ठरवतो.

म्हणून मला त्या ‘कारवाँ’ची गंमत वाटते. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीनं, म्हणजे त्याच जुन्या एच.एम.व्ही.नं, एक देखणा रेडिओसारखा डब्बा काढला. पाच हजार जुनी गाणी आधीच आत भरलेली, किंमत तेव्हा सहा हजारांच्या घरात. मध्यमवर्गानं तो आईबापांना वाढदिवसाला दिला, डोळे पुसले. मराठीचाही निघाला. आवाज चांगला आहे, पेनड्राइव्हला भोक आहे, हे मान्य. पण पाच हजार गाणी सदाबहार आहेत हे ठरवलं कोणी? ज्याच्याकडं तबकड्या होत्या त्यानं. ज्यांच्या तबकड्याच निघाल्या नाहीत ते कधीच सदाबहार होणार नाहीत. सतरापट पैसे देऊन दुसऱ्याची आठवण विकत घ्यायची, ही हौस ज्यांना परवडते त्यांनी करावी.

आता कानातल्या बोंडांबद्दल. डब्ब्याला बोंडं लावायचं भोक आहे, मी ते वापरत नाही. एक कारण धंद्याचं. फाळक्यात खाली उभा असतो, वरनं क्रेननं स्लिंग येते, तेव्हा सिग्नलवाल्याची ‘हाबेस’, ‘आर्या’ ही आरोळी कानात पडली नाही तर माणूस वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लोखंडाच्या मधला भात होतो. कामाच्या वेळी गाणं नाहीच. जेवणाच्या सुट्टीत डब्बा मध्ये ठेवतो आणि आठजण भोवती बसतो, बिहारी, तेलुगू, आपले. बिहारी पोरगा आपली चिप घालतो, भोजपुरी लावतो. दोन गाणी त्याची, दोन माझी. त्याला माझ्या गाण्यातलं एकच नाव कळतं, ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.

सोनीनं १९७९ मध्ये पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला बोंडांची भोकं दोन होती, दोघांनी मिळून ऐकायला. वर एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढं पुढं दुसरं भोक गेलं, बटण गेलं. एकेकट्याला एकेक यंत्र विकण्यात नफा जास्त. आज संध्याकाळी हार्बर लाइनला बघा, रे रोडपासून जी.टी.बी. नगरपर्यंत (आमची म्हातारी माणसं अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात) डब्यात दोनशे माणसं आणि दोनशे वेगवेगळी गाणी. एकमेकांच्या काखेत नाक, आणि कोण काय ऐकतोय कोणाला पत्ता नाही. पूर्वी ह्याच गाडीत टाळ घेऊन भजनी मंडळं बसायची. भजन मला नको होतं, पण माणूस काय गातो ते तरी कळायचं.

मोठ्यानं लावण्याचं दुसरं कारण वेगळं आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपला एक विशीतला पोरगा, नर्सिंग शिकणारा, लग्नाला म्हणून गेला होता. दुकानात बसला असताना त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. त्यावरनं काही पोरांनी भांडण काढलं आणि त्याला उचलून नेऊन मारून टाकलं. तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. एका मिनिटाच्या रिंगटोनला त्यांनी माणूस मारला. तेव्हापासून गावाकडं जाताना आया पोरांना सांगतात, फोन सायलेंटवर ठेव रे बाबा. माझ्या आईनंही सांगितलं. आईला मी दोष देत नाही, तिचं काळीज आहे. पण विचार करा, ज्या दिवशी आपलं गाणं फक्त बोंडांतनं ऐकू येईल त्या दिवशी त्या पोरांचं काम फुकटात झालं की नाही? मी काही गावाच्या वेशीवर डब्बा घेऊन नाचत नाही, तेवढी अक्कल मॅट्रिकपर्यंत शिकवतात. पण माझ्या वस्तीत, माझ्या दारात, माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्याचा आवाज मी कमी करणार नाही.

इथं आपलेच लोक उठून म्हणतील, मग जयंतीच्या डी.जे.ला का शिव्या घालतोस? घालतो. १४ एप्रिलला भाड्याच्या भिंती आणायच्या, एका रात्रीत वर्गणीचे हजारो उडवायचे, छातीत धडधड होईल एवढा ठोका लावायचा आणि वामनदादांचा एक शब्द ऐकू यायचा नाही! वामनदादा कर्डक, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिलेला माणूस, मोठेपणी अक्षर शिकला आणि हजारो गाणी लिहून २००४ मध्ये गेला. त्याची सगळी ताकद शब्दात. तो शब्दच ठोक्याखाली चिरडायचा असेल तर ठोकाच लावा, गाणं कशाला? माझ्या साडेतीनशेच्या डब्ब्याला ठोका झेपत नाही, तो फरफरतो. शब्द मात्र सगळे स्वच्छ ऐकू येतात.

फोननं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. औरंगाबादेच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गायच्या. कोणीतरी फोनवर त्यांचं गाणं घेतलं आणि महाराष्ट्रभर पोचलं. कोणत्या कंपनीनं, कोणत्या रेडिओनं त्यांना हे दिलं असतं? पण तो व्हिडिओ मी उतरवून चिपवर ठेवलाय, पाहुण्यासारखा कंपनीच्या ओटीवर बसवलेला नाही.

आणि गाणं ठेवायला कोणी नसेल तर काय होतं ते विलास घोगऱ्यांवरनं कळतं. १९९७ च्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी ह्या शाहिरानं मुलुंडच्या आपल्या खोलीत गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचं गाणं घेतलं होतं, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो. ज्यांच्यापुढं कॅमेरा आला नाही ते किती असतील?

ते कुठं आहेत सांगतो. आपल्या पोटमाळ्यावर आहेत. जुन्या ट्रंकेत, चपलांच्या खोक्यात. ‘जयंती ८६, वडाळा’, ‘कव्वाली मुकाबला, दुसरी बाजू रिकामी’, असं बॉलपेननं लिहिलेल्या कॅसेटी. कोणाच्या काकानं रात्री टेप घेऊन स्टेजजवळ बसून भरलेल्या. त्यात मध्येच कुत्रं भुंकतं, कोणीतरी अकरा रुपये दिल्याचं पुकारलं जातं, आणि मग असा एक गायक लागतो ज्याचं नाव आज कोणाला ठाऊक नाही आणि ज्याच्यासारखा दुसरा मी ऐकला नाही. मुंबईच्या दमटात ह्या फितींवर पांढरी बुरशी चढते. फितीवरचा तपकिरी थर सुटून हेडला चिकटतो, मग आवाज आधी दबतो, मग जातो. कित्येक कॅसेटी ३५-४० वर्षांच्या झाल्या. ह्या कोणत्याही फोनमध्ये नाहीत आणि कोणत्याही ‘कारवाँ’त नाहीत. झोपडी तुटून बिल्डिंग होते तेव्हा पहिल्यांदा ह्याच कचऱ्यात जातात.

मी आतापर्यंत एकतीस कॅसेटी चिपवर उतरवल्या. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं बसावंच लागतं, घाई चालत नाही. आधी पेन्सिल घालून फीत एकदा पुढं, एकदा मागं फिरवून सैल करायची. मग डेकमधनं वायर काढून मित्राच्या कॉम्प्युटरला लावायची. डेकचा रबरी पट्टा सैल झाला असेल तर गाणं संथ वाजतं आणि बाईचा आवाज बाप्याचा होतो, ते आधी तपासायचं. फीत तुटली तर साधी चिकटपट्टी लावायची नाही, तिचा गोंद सुटून हेडला लागतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डेकची मोटर गेली. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानं फिरलो, कारागीर म्हणतात आता सुटा भाग मिळत नाही, दुसरा जुना डेक आणून त्यातला काढावा लागेल. घरी अजून चौदा कॅसेटी पडून आहेत, त्यातल्या तीनवर बुरशी दिसायला लागलीय. कोणाकडं जुना डेक पडला असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. पट्टा तुटलेला असला तरी चालेल, मोटर आणि हेड शाबूत पाहिजे. ज्याला गाणी हवीत त्यानं येताना स्वतःची चिप आणावी, आठ जी.बी.ची पुरते.