गाडी पायथ्याशीच लावा!

थंडी पडली की शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या हापिसांत एकच प्रश्न फिरायला लागतो, "मग, ह्या वीकांताला कुठे?" कोणी एखाद्या डोंगराचं नाव घेतलं की लगेच पुढचा प्रश्न, "गाडी कुठपर्यंत जाते?" माझं भांडण ह्या दुसऱ्या प्रश्नाशी आहे. विचारणाऱ्याशी नाही हो. त्या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी थोडं थोडं वर सरकत चाललंय, त्याच्याशी.

भिवंडी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? यंत्रमाग, गोदामं, कंटेनर आणि ट्रॅफिक जॅम. आपण रात्री अकराला मागवलेलं पार्सल बहुधा इथल्याच कुठल्यातरी गोदामातून निघतं. पण ह्याच तालुक्यात वज्रेश्वरी आहे, गणेशपुरी आहे, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं आहेत. दुगाडच्या वर गुमतारा किल्ला आहे. डिसेंबर १७८० मध्ये ह्याच दुगाडला रामचंद्र गणेश कानडे इंग्रजांशी लढताना पडले. आणि ह्या सगळ्याच्या मागे पसरलंय तुंगारेश्वर अभयारण्य. २००३ साली जाहीर झालेलं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं, वसई आणि भिवंडी तालुक्यांत वाटलेलं. एका अंगाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला तानसा. मधला हा पूल आहे, बिबट्यासकट सगळ्यांचा.

माझी मागणी साधी आहे. ह्या डोंगरांत आज जिथे रस्ता संपतो, तिथेच तो कायमचा संपू दे. त्याच्यापुढे इंजिन नको आणि स्पीकरही नको. पुढे पायी.

"तू चालतोस, मी बाईक घेऊन जातो. डोंगर दोघांचा आहे, तुझं काय जातंय?" हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण आपण इंजिनियर लोक, तर जरा आकडेमोड करून बघू. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आपल्याकडे ८० डेसिबलची मर्यादा आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. (सायलेन्सर काढून फिरणाऱ्या महाभागांना ही मर्यादा लागू पडत नाही असं त्यांचं मत असतं.) मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८० चे ३८ व्हायला साधारण एक किलोमीटर लागतो. शांत रानात ३८ डेसिबल व्यवस्थित ऐकू येतात. उलट, गप्पा मारत चालणाऱ्या दोघांचा आवाज एका मीटरवर ६० असतो, आणि तो वीस मीटरच्या आत त्याच पातळीच्या खाली जातो.

आता क्षेत्रफळ काढा. बाईकवाला तीन चौरस किलोमीटर व्यापतो, गप्पिष्ट जोडी वीस मीटरचं एक वर्तुळ. फरक किमान अडीच हजार पट! ८५ चौरस किलोमीटरचं अख्खं अभयारण्य आवाजाने भरून टाकायला २७-२८ बाईक पुरतात. गणित ढोबळ आहे, झाडं आणि डोंगराच्या सोंडा आवाज अडवतात, मान्य. पण म्हणून अडीच हजारचं एक होत नाही. तेव्हा "डोंगर दोघांचा" हे खरं असलं तरी वाटणी बरोबरीची नाही. चालणाऱ्यामुळे बाईकवाल्याचं काहीच अडत नाही. बाईकवाला मात्र एका फेरीत सगळ्यांची सकाळ घेऊन जातो.

आणि हिवाळ्यात हे जास्तच जाणवतं. पावसाळ्यात ओढे आणि पाऊस मिळून बाकीचे आवाज झाकून टाकतात. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोचतो. डिसेंबरच्या पहाटे लांबच्या रेल्वेचा भोंगा अचानक जवळ आल्यासारखा वाटतो ना, तेच हे. म्हणजे चालायला सगळ्यात चांगला जो ऋतू, त्याच ऋतूत एक इंजिन सगळ्यात जास्त नासधूस करतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "शांतता वगैरे पोट भरलेल्यांचे लाड आहेत." बरं. यंत्रमागाच्या कारखान्यात कधी उभं राहून बघा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिथे बारा-बारा तास काढणाऱ्या माणसाला शांततेची गरज जास्त की आपल्याला? आपल्याकडे निदान पंधरा-वीस हजारांचे आवाज मारणारे हेडफोन असतात! त्याच्यासाठी वज्रेश्वरीची एसटी आणि पुढची पायवाट आहे. तिथे फुकट मिळणारी शांतता जो मोडतो, तो कोणाचे लाड मोडत नाही. ज्याला ती विकत घेता येत नाही, त्याच्याच हातातून ती काढून घेतो.

"म्हाताऱ्या माणसांचं काय? गावकऱ्यांचं काय?" हेही रास्त आहे, आणि ह्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. माथेरानला खाजगी गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. फेब्रुवारी २००३ पासून तो सगळा भाग पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. गाडी वर येत नाही म्हणून माथेरानचं पर्यटन बुडालंय असं कोणी म्हणेल का? उलट लोक त्यासाठीच जातात. पण माथेरानची दुसरी बाजूही बघा. तिथली शांतता बरीच वर्षं माणसांनी अक्षरशः ओढून नेली, हातरिक्षातून. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, ते योग्यच झालं. धडा एवढाच की शांततेचा भार गरिबाच्या खांद्यावर टाकून चालत नाही. म्हणून गावकऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या, रुग्णवाहिका, वनखात्याच्या जीपा ह्यांना नियमातून वगळायचं. मंदिरांकडे जाणारे आजचे रस्ते आहेत तसे राहू देत. पायथ्याचं पार्किंग, चहा-पोहे आणि वाटाड्याचं काम गावातल्या पोरांकडे द्यायचं. गाडी थेट वर गेली तर गावात थांबतं कोण? पायथ्याला थांबली तर चार पैसे तिथेच पडतात.

बाहेरच्या जगात हे भांडण जुनं आहे. १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत निक्सनने सरकारी जमिनींवर रस्ता सोडून फिरणाऱ्या वाहनांसाठी जागा ठरवून द्यायचा आदेश काढला. बर्फावरच्या गाड्यांना तो नीट लागू करणारा नियम तिथल्या वनखात्याने आणला २०१५ मध्ये! मधल्या काळात यलोस्टोनच्या फाटकावर स्नोमोबाईलचा धूर इतका असायचा की रेंजर तोंडाला मास्क लावून उभे राहायचे. आता तिथे रोज किती गट आत जातील ह्यावर मर्यादा आहे. तिकडे ४३ वर्षं लागली. आपल्याला तेवढा वेळ नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच येतं. गाड्या येऊन पोचल्यात, मंडळी.

नवा कायदाही लागत नाही. अभयारण्यात पर्यटनासाठी शिरायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच, त्या परवानगीत अटी घालता येतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत इस्पितळं, शाळा, कोर्टं ह्यांच्याभोवती शांतता क्षेत्र आहे, आणि सक्षम अधिकारी इतर जागाही तशा जाहीर करू शकतात. एका सहीचं काम आहे.

ही सही व्हायची तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातलं एक काम करा. पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी "गाडी कुठपर्यंत जाते?" विचारलं तर गावाचं नाव सांगा आणि पुढे लिहा, "तिथून चालायचं." प्रोग्रॅममधली चूक रात्रीतून मागे घेता येते, डोंगरात कापलेला रस्ता नाही. एकदा झाला की झाला. आणि हो, तो ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. पाखरांनी आपली प्लेलिस्ट मागितलेली नाही. :-)